गाढ झोप : १९ मिनिटं

आटगाव स्टेशनावर पहाटे माणसाची किंमत त्याच्या पगारावर ठरत नाही. तो किती वाजता उठला, यावर ठरते. पहिल्या लोकलची वाट बघत बाकड्यापाशी उभ्या असलेल्या मंडळींत रोज अंधारात हा लिलाव चालतो.

"साडेतीनला उठलो. थंड पाण्यानं आंघोळ केली."

"साडेतीन? आमच्याकडं तवर भाकऱ्या बांधून झालेल्या असतात."

"मी झोपलोच नाय. रात्री शेतावर डुकरं राखली, तिथून सरळ गाडीला."

इथे बोली तुटते. रानडुकरं राखून आलेल्या माणसाच्या वर जायची कोणाची छाती नसते. त्याला खिडकीची जागा मिळते आणि वासिंद यायच्या आत तो गजावर डोकं टेकून ठार झालेला असतो.

या लिलावात माझीही पत बरी होती. मी तानसा रस्त्याला आत राहतो, त्यामुळे स्टेशनापर्यंतची मोटारसायकल धरून माझा भाव आपोआप अर्ध्या तासाने चढा. आटगाव ते सीएसएमटी ९५ किलोमीटरच्या आसपास, दोन तासांहून जास्त वेळ. तेवढ्यात डब्यात झोपेचे सगळे प्रकार बघायला मिळतात. एक जण मान मागे टाकून झोपतो. टिटवाळ्यापर्यंत त्याच्या उघड्या तोंडाकडे बघू नये. दुसरा शेजाऱ्याच्या खांद्यावर हप्त्याहप्त्याने उतरतो. शेजाऱ्याने खांदा झटकला की 'सॉरी' म्हणतो आणि पुन्हा पहिल्या हप्त्यापासून सुरुवात करतो. तिसरा वरच्या कडीला हात अडकवून उभ्याउभ्याच झोपतो. आमच्या भजनी मंडळातला टाळवाला तर झोपेत टाळ वाजवतो. ताल चुकत नाही. चुकला, की समजावं जागा झाला.

असं सगळं सुखात चाललेलं असताना कामाच्या ठिकाणी आरोग्य तपासणी झाली आणि मला बीपी निघाला. शहापूरच्या आमच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, दोनदा फुगवला आणि विचारलं, "झोप किती?"

"साडेचार तास," मी छाती काढून सांगितलं.

स्टेशनावर या उत्तराला मान होता. डॉक्टरांनी नुसतं "हं" केलं आणि केसपेपरवर त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या. मग त्यांनी मला जे सांगितलं त्याचा गोषवारा असा : रात्री गाढ झोपेत रक्तदाब दहा ते वीस टक्के उतरतो. हृदयाला चोवीस तासांत मिळणारी ती एवढीच उसंत. झोप कमी किंवा तुटकी झाली, की दाब उतरायचा राहतो, अंगातली ताणाची रसायनं चढीच राहतात, आणि वर्षानुवर्षं असं चाललं की रक्तवाहिन्या आणि हृदय दोन्ही कुरकुरायला लागतात. अमेरिकन हार्ट असोसिएशनने हृदय सांभाळण्यासाठी सात गोष्टींची यादी केली होती; २०२२ साली तिच्यात आठवी घातली, झोप. मोठ्या माणसाला सात ते नऊ तास.

मी तिथेच बोटांवर हिशेब केला. पहाटेची गाडी धरून सात तास झोपायचं तर मला संध्याकाळी घरी पोचायच्या आधीच झोपावं लागणार होतं.

"डॉक्टर, लोकलमधले दोन तास धरा ना."

"ते धरत नाहीत."

"का?"

"उतरायचं स्टेशन आलं की जाग येते ना?"

"येते की. बरोब्बर येते."

"मग ती झोप नाही. ती राखण."

मुलाला हे कळल्यावर त्याने माझ्या मनगटावर एक घड्याळ आणून बांधलं. आधीचं घड्याळ बिचारं वेळ सांगून गप्प बसायचं. हे सकाळी उठल्याउठल्या मार्क देतं. पहिल्या रात्रीचा निकाल : शंभरपैकी एक्केचाळीस. गाढ झोप, १९ मिनिटं. खाली एक हिरवट पट्टी आणि 'सुधारणेस वाव आहे' अशा अर्थाचा शेरा. शाळा सुटून पस्तीस वर्षं झाल्यावर मी पुन्हा काठावर पास झालो होतो, आणि तेही झोपेत.

हिने विचारलं, "एकोणीस मिनिटं? मग उरलेली रात्रभर तुम्ही घोरत होतात ते काय जागेपणी?"

घड्याळ बिघडलंय का बघू म्हणून एका रात्री ते हिच्या हाताला बांधलं. ही माझ्या शेजारी, म्हणजे घोरण्यापासून हातभर अंतरावर झोपते. तिला अठ्ठ्याऐंशी मार्क. मग दुपारी आईच्या हाताला बांधलं. आई माळ घेऊन जपाला बसली होती. तास-दीड तासाने मुलाने मोबाइल बघितला आणि ओरडला, "आजी, तू झोपली होतीस!"

"झोपली होती तुझी घड्याळवाली!" आई कडाडली. "अकरा माळा झाल्या माझ्या."

त्यात घड्याळाचाही फार दोष नाही. मेंदूत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. मनगट हलतंय का आणि नाडी कशी पडतेय यावरून ते अंदाज बांधतं. शांत बसलेली म्हातारी आणि झोपलेली म्हातारी त्याच्या लेखी एकच. ही गोष्ट हेरून मी एक युक्ती काढली. झोप आली नाही तरी मेल्यागत निपचित पडायचं. नाकावर डास बसला तर बसू दे, हात हलवायचा नाही. दोन मार्क वाढले. पण पडल्यापडल्या एकच विचार : आता धरलं असेल का यानं? रात्री दोनला न राहवून बघावं तर पडद्याचा उजेड भस्सकन डोळ्यांत, आकडा तिशीत, आणि मग पहाटेपर्यंत टक्क. पुढे वाचनात आलं, की २०१७ साली अमेरिकेतल्या काही झोपतज्ज्ञांनी अशाच रुग्णांबद्दल लिहिलंय : घड्याळाचे आकडे चांगले यावेत या काळजीनेच ज्यांची झोप उडाली. तानशाच्या माणसाचं दुखणं अमेरिकेत छापून येतं, याचा मला त्या रात्री फार अभिमान वाटला आणि त्या अभिमानाने आणखी तासभर झोप लागली नाही.

घरात एकदा का आजाराला नाव मिळालं, की औषध सांगायला गाव गोळा होतं. दुधात जायफळ उगाळून झालं. उत्तरेकडे डोकं असलेली खाट फिरवून झाली. मावशीने तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने चोळायला सांगितलं. हे प्रकरण बघण्याजोगं असतं. पांढरं तूप चोळता चोळता काळं होतं, तळपाय कढईच्या बुडाच्या रंगाचे होतात, आणि चोळणारा म्हणतो, "बघा, किती उष्णता निघाली!" (ती उष्णता नसून काशाचा रंग आहे, हे चोळणाऱ्याला सांगू नये. तो चोळणं थांबवतो.) आराम मात्र वाटतो. मला गुदगुल्या होत असल्याने मी हसत होतो आणि वाटी हातात घेऊन भिंतीला टेकलेला मुलगा गाढ झोपला होता.

त्यानेच मला आणखी एक संशोधन वाचून दाखवलं. २०२१ साली ब्रिटनमधल्या ८८ हजार लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांची नोंद तपासली, तर रात्री दहा ते अकराच्या दरम्यान झोपी जाणाऱ्यांत हृदयविकार सगळ्यात कमी आढळला. दहाच्या आधी झोपणाऱ्यांत जरा जास्त, मध्यरात्रीनंतर झोपणाऱ्यांत सगळ्यात जास्त. यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे सिद्ध झालेलं नाही, असं त्यांनीच म्हटलंय. पण आमच्या मुलाने ते वाक्य वाचलं नाही. "बाबा, दहा ते अकरा. आजपासून."

आता शहापूर-मुरबाड पट्ट्यात लग्नसराईत रात्री दहा ते अकरा या वेळात नेमकं काय होतं, हे ब्रिटनला माहीत नाही. हळद होते. पूर्वी हळद म्हणजे नवऱ्या मुलाला पिवळा करून माणसं जेवून घरी जायची. आता लग्न हे हळदीनंतर उरकायचं एक किरकोळ काम आहे. खरा सोहळा डीजेचा. टेम्पोवर भिंतीएवढे स्पीकर चढवून आणतात आणि त्यातला पहिला ठोका पडला की घरातली भांडी फळीवरून आपली आपण खाली उतरतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, आणि वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. पंचेचाळीस डेसिबल आमच्याकडे डीजेवाला नुसता "हॅलो, चेक" म्हणाला तरी उलटून जातात.

अशाच एका हळदीच्या रात्री मी अकराला उठलो, लेंगा-बंडीतच मांडवात गेलो. नवरदेव लांबचा भाचा. त्याच्या वडिलांना म्हटलं, "भाऊजी, जरा आवाज कमी करता येईल का? मला हृदयासाठी झोपायचंय."

"काय?"

"हृदयासाठी!"

"अरे, मामा नाचायचं म्हणतोय!"

पुढचं सगळं हळदीच्या रंगात झालं. कोणीतरी मला खांद्यावर घेतलं. कोणीतरी दोन गाणी माझ्या नावाने लावली. दीडच्या सुमाराला घरी येऊन अंथरुणावर पडलो, तेव्हा छाती अजून डीजेच्याच ठेक्यावर चालली होती. आणि मनगटावर आकाशबाण उडाले : अभिनंदन, आजचं व्यायामाचं उद्दिष्ट पूर्ण!

हळदीतून वाचलात तर टँकर आहे. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आमच्यासाठीच कोणीतरी मापाने शिवलेली. तानसा धरण १८९२ साली बांधून झालं, ते मुंबईला पाणी द्यायला. आजही हे पाणी पंप न लावता, नुसत्या उताराने, निजल्यानिजल्या मुंबईला पोचतं. आम्ही पोचतो ते लोंबकळत. पाण्याचं नशीब माणसापेक्षा थोर. तालुक्यात मोठमोठी धरणं आणि उन्हाळ्यात पाड्यापाड्यांवर टँकर. तो यायची वेळ ठरलेली नसते, पण रात्री यायचं त्याने पक्कं ठरवलेलं असतं. तुमचा डोळा जरा लागतो न लागतो तोच, "अहो, टँकर!" हे दोन शब्द कानात शिरल्यावर माणूस जागा होत नाही, थेट हंडा हातात घेतलेल्या अवस्थेतच शुद्धीवर येतो. हृदयाचे ठोके किती झाले ते मी एकदाच बघितलं. परत बघायची हिंमत झाली नाही.

या सगळ्या गोंधळात आमच्याकडे एकच जीव नियमाने रात्री झोपतो, आणि तो घुबड आहे. रानपिंगळा. १८८४ नंतर तो कोणाला खात्रीने सापडला नव्हता. नामशेष झाला असं सगळे धरून चालले होते. १९९७ साली शहाद्याकडे तो पुन्हा दिसला आणि २०१४ साली आमच्या तानसा अभयारण्यात सापडला. घुबडाच्या कुळात जन्म घेऊन हा पठ्ठ्या दिवसाउजेडी वावरतो. शंभरावर वर्षं कोणाच्या नजरेला पडायचं नाही, रात्री वेळेवर झोपायचं, पहाटेची लोकल नाही. त्याचा बीपी कोणी मोजलेला नाही, पण मला खात्री आहे.

दुपारच्या झोपेचाही मार्ग बघितला. ग्रीसमध्ये २३ हजारांहून अधिक लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवून २००७ साली निष्कर्ष काढला होता, की नियमित वामकुक्षी करणाऱ्यांत हृदयविकाराने मरणारे ३७ टक्क्यांनी कमी, आणि फायदा विशेषतः नोकरदार पुरुषांत. चरकानेही उन्हाळ्यात दिवसा झोपायला परवानगी दिली आहे. हे दोन्ही आधार मी साहेबांपुढे मांडले. साहेब म्हणाले, "ग्रीसला बदली मागा."

शेवटी डॉक्टरांनीच मुद्द्याला हात घातला. "घोरता का?"

मी "नाही" म्हणालो. ही "हो" म्हणाली. घोरण्याच्या बाबतीत आरोपीची साक्ष कोणी धरत नाही.

"घोरता घोरता मधेच आवाज बंद होतो?"

"होतो ना," ही म्हणाली. "एकदम शांत. मग भसकन मोठ्ठा श्वास घेतात आणि पुन्हा सुरू. मला वाटायचं, गिअर बदलतायत."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट उठवतो, आणि हृदयाला दचकून पळावं लागतं. माणसाला यातलं काही आठवत नाही. हृदयाच्या मात्र लक्षात राहतं. स्लीप ॲप्निया. आटोक्यात न येणाऱ्या बीपीमागे पुष्कळदा हाच निघतो. तपासणी करून घ्या म्हणाले, ठाण्याला, रात्रभर.

झोपेच्या तपासणीइतका जागं ठेवणारा दुसरा प्रकार माणसाने शोधला नसेल. नऊ वाजता एका तरुण टेक्निशियनने मला पलंगावर बसवलं. टाळूवर केस बाजूला सारून चिकट मलम लावलं, त्यात वायरी रोवल्या. डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीवर दोन, छातीवर, पोटरीवर. छातीला पट्टा, पोटाला पट्टा. नाकात नळी, बोटाला चिमटा, गळ्यापाशी घोरणं ऐकायला एक बारकी टिकली. सगळ्या वायरींचा झुबका डोक्यामागे एका डबीत खोचून त्याने वर छताकडे बोट दाखवलं. "कॅमेरा आहे, रात्रभर चालू राहील. आता काका, टेन्शन घेऊ नका. घरी झोपता तसं झोपा."

घरी झोपतो तसं झोपायला तिथे ना टँकर होता ना हळद. इतक्या शांततेची सवय नाही. कूस बदलावी तर पोटरीची वायर सुटणार. बाथरूमला जायचं तर टेक्निशियनला हाक मारायची, त्याने डबी काढून गळ्यात अडकवायची, मग जायचं. एका फेरीला हाक मारली तर उत्तर नाही. काचेपलीकडे बघितलं. माझ्या मेंदूच्या वळवळत्या रेघांसमोर तो टेबलावर डोकं ठेवून झोपला होता, आणि घोरत होता. मी परत पडलो. बहुधा त्याच्याच तालावर मलाही झोप लागली.

रिपोर्ट आला : तासाला अठ्ठावीस. म्हणजे तासात अठ्ठावीस वेळा श्वास दहा किंवा त्याहून जास्त सेकंद बंद, नाहीतर फार उथळ. पाचपर्यंत माफ, पंधरापर्यंत सौम्य, तिसाच्या पुढे तीव्र. "दोनाने हुकलं," मी म्हणालो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सीपॅप मशीन लिहून दिलं.

कॉलिन सलिव्हन नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८१ साली हा उपाय जगापुढे मांडला : नाकावर मुखवटा लावून हवेच्या दाबाने घसा रात्रभर उघडा ठेवायचा. मी तो पहिल्यांदा चढवला तेव्हा शेजारचं पोरगं दारात उभं होतं. नाकापासून छातीवर लोंबणारी ती नळी बघून ते ओरडत पळालं, "आजी, काकांना गणपतीची सोंड आली!" आईने खरोखर लांबून हात जोडले.

डॉक्टरांनी एक गोष्ट लपवली नाही. आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या २७०० हून जास्त रुग्णांवरची मोठी चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात मशीन मिळालेल्यांचं घोरणं कमी झालं, दिवसाची पेंग कमी झाली, चित्त बरं झालं; पण हृदयविकाराचे झटके काही कमी झाले नाहीत. मात्र ही मंडळी मशीन रात्री सरासरी ३.३ तासच लावत होती. जगभरच्या माणसांनी मध्यरात्री झोपेत सोंड उपटून फेकली होती, हे वाचून मला फार आपलेपणा वाटला. तरी मी ते लावतो. दुपारी तीनला फायलीवर पडणारं डोकं आता पडत नाही, एवढं खरं. लाइट जाते तेव्हा मशीन बंद पडतं आणि मी पूर्ववत चालू होतो.

आटगाव स्टेशनावर ही बातमी माझ्याआधी पोचली. लिलावाचा माल बदलला. पहिल्याच आठवड्यात पोस्टातल्या काकांनी तपासणी करून घेतली.

"माझे तासाला बत्तीस," ते म्हणाले.

"मुलुंडला दाखवलं, माझ्या मेहुण्याचे चाळीस."

"मेहुण्याचे नाय चालत. स्वतःचे बोला."

डुकरं राखणारा गडी अजून तपासणीला गेलेला नाही. पण तो गेला, की आम्हां सगळ्यांची बोली खलास, याबद्दल डब्यात दुमत नाही.

परवा बीपी दाखवायला शहापूरला गेलो. बाहेर गर्दी होती. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानात घालून तो माझ्या कोपराच्या खळगीवर टेकवला, फुगा दाबून पट्टा करकचून फुगवला आणि ठोके ऐकायला डोळे मिटले. किती लक्ष देऊन ऐकतायत, मला वाटलं. माझी बोटं पांढरी झाली. मग निळसर झाली. "डॉक्टर?" मी हळूच म्हटलं. पण त्यांच्या कानात स्टेथोस्कोप होता. मान किंचित पुढे आली आणि नाकातून पहिला बारीक सूर निघाला.

त्यांना उठवायचा धीर होईना. झोपमोड हृदयाला वाईट, हे त्यांनीच सांगितलेलं. तेवढ्यात दार ढकलून कंपाउंडर आत आला, बघितलं आणि कुजबुजला, "रात्री साप चावलेला पेशंट होता. सर दोन दिवस झोपलेले नाहीत."

सूर थांबला. खोली एकदम शांत झाली. मी मोकळ्या हाताचं बोट ओठावर ठेवून कंपाउंडरला गप्प केलं आणि मोजायला लागलो. अकराव्या सेकंदाला डॉक्टरांनी भसकन श्वास घेतला.

"लिही," मी म्हणालो, "एक."